सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे घर

एखादे जुने घर पाडले जाते. विटा, तुळया, दारे-खिडक्या गाड्यांत भरून जातात. जागा सपाट होते आणि वर्षा-दोन वर्षांत तिथे नवी इमारत उभी राहते. मग त्या जुन्या घराविषयी काही कळण्याचा मार्ग उरतो का?

उरतो. घरात माणसे राहतात, भाडे देतात, पत्रे लिहितात, हिशेब ठेवतात, घर विकतात आणि विकत घेतात. त्यामुळे घराच्या खुणा त्याच्या भिंतींबाहेर दूरवर पसरलेल्या असतात. त्या खुणा गोळा करायच्या, एकमेकींशी ताडून पाहायच्या, ज्या जुळत नाहीत त्या बाजूला ठेवायच्या आणि मग अनुमान काढायचे. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जे करतो तेच हे काम आहे. फरक एवढाच, की इथे परीक्षानळीऐवजी हाती खरेदीखत असते.

आज आपण अशाच एका घराची तपासणी करू. हे घर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, सातवा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर होते. ते १७७५ साली बांधले गेले, १८८३ साली पाडले गेले आणि १९७५ साली त्याच जागी पुन्हा बांधले गेले. ते पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा आजचा अमेरिका हा देश जन्माला यायचा होता. अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर इंग्लंडच्या तेरा वसाहती होत्या आणि त्यांचे इंग्लंडच्या राजाशी युद्ध सुरू झाले होते. १७७६ च्या जून महिन्यात, या घराच्या दिवाणखान्यात बसून, थॉमस जेफर्सन नावाच्या ३३ वर्षांच्या गृहस्थाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला.

आगीला घाबरलेले शहर

प्रथम एक साधा प्रश्न विचारू. हे घर विटांचेच का होते? त्या काळी अमेरिकेत जंगले अफाट होती. लाकूड हाताशी असताना विटा भाजण्याची खटपट लोकांनी का केली?

याचे उत्तर समुद्रापलीकडे, लंडनमध्ये सापडते. १६६६ साली लंडनला मोठी आग लागली. बहुतेक घरे लाकडी आणि एकमेकांना चिकटलेली होती. चार-पाच दिवसांत तेरा हजारांहून अधिक घरे जळाली. त्यानंतर लंडनमध्ये नवी घरे विटांची किंवा दगडांची बांधावीत असा कायदाच झाला. पुढे १६८२ साली विल्यम पेन याने फिलाडेल्फियाची आखणी केली. ही आग त्याच्या पिढीच्या स्मरणात ताजी होती. त्याने रस्ते रुंद आणि सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे आखले. आपले शहर हिरवेगार असावे आणि ते कधी जळू नये, अशी त्याची इच्छा होती. उत्तर-दक्षिण रस्त्यांना क्रमांक मिळाले. म्हणून ‘सातवा रस्ता’.

शहर वाढले तसे मोकळे भूखंड लहान होत गेले. रस्त्याकडे अरुंद तोंड, मागे लांबवर गेलेली खोली आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, अशी घरे उभी राहिली. आपल्याकडच्या जुन्या पेठांतली घरे आठवा, म्हणजे कल्पना येईल. अशा दाटीत एका घराची आग दुसऱ्या घरात शिरू द्यायची नसेल, तर मधली भिंत न जळणारी हवी. वीट एकदा भट्टीतून निघालेली असते. साध्या घरगुती आगीत तिचे काही बिघडत नाही.

याच शहरात बेंजामिन फ्रँकलिन याने १७३६ साली स्वयंसेवकांचे आग विझवणारे पथक काढले आणि १७५२ साली आगीचा विमा उतरवणारी संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. विमा उतरवलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर, एकमेकांची मनगटे धरलेल्या चार हातांचे शिशाचे चिन्ह लावत. विमा देण्यापूर्वी घराची पाहणी होई. भिंती किती जाड, जिना कसा, मजले किती, हे सारे लिहून ठेवले जाई. आगीच्या भीतीपोटी लिहिलेली ही टिपणे आज जुन्या घरांच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडतात.

माती वीट कशी होते

आपल्या कोपऱ्यावरच्या घराचा मालक जेकब ग्राफ हा स्वतः गवंडी होता. त्याला माहीत असलेली वीट आपणही जरा समजून घेऊ.

चिकणमाती भिजवून, तुडवून, लाकडी साच्यात दाबतात आणि कच्ची वीट उन्हात सुकवतात. सुकलेली वीट पाण्यात टाकली तर विरघळून पुन्हा चिखल होतो. भाजलेली वीट मात्र शंभर वर्षे पावसात उभी राहते. मधल्या काळात भट्टीत काय घडते?

सुरुवातीला कणांमध्ये राहिलेले पाणी वाफ होऊन निघून जाते. पुढे ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या सुमारास मातीच्या स्फटिकांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही बाहेर पडते. इथून मागे फिरता येत नाही. आता पाणी घातले तरी पूर्वीची चिकणमाती मिळत नाही. तापमान ९०० अंशांच्या पुढे गेले की कणांच्या कडा थोड्याथोड्या वितळून काचेसारख्या होतात आणि थंड झाल्यावर शेजारच्या कणांना घट्ट धरून ठेवतात. मातीतल्या लोहाचे ऑक्साइड होते आणि वीट लाल दिसते.

जुन्या भट्टीत आच सगळीकडे सारखी नसे. आगीच्या अगदी जवळच्या विटा जास्त भाजत. लाकडाच्या राखेतील क्षार त्यांच्या पृष्ठभागावर बसून तिथे काळपट निळसर, चकाकणारा थर तयार होई. आपल्याकडे फार भाजून वेडीवाकडी झालेल्या विटेला खंगर म्हणतात आणि ती बाजूला टाकतात. फिलाडेल्फियाचे गवंडी मात्र आकाराने नीट राहिलेल्या काळ्या विटा वेचून दर्शनी भिंतीत नक्षीसाठी वापरत. आजही त्या शहरातील जुन्या भिंतींवर लाल आणि काळ्या विटांची चौकटी दिसते.

भिंतीची वीण

विटा एकावर एक नुसत्या रचल्या, तर भिंत टिकत नाही. वरच्या आणि खालच्या थरांतील उभे सांधे एका रेषेत आले, की भिंत त्या रेषेवर फाटते. म्हणून गवंडी सांधे चुकवतो. शिवाय भिंत एका विटेच्या लांबीइतकी जाड असेल, तर तिच्या पुढच्या आणि मागच्या पदराला जोडणाऱ्या आडव्या विटाही हव्यात.

फिलाडेल्फियातील चांगल्या घरांच्या दर्शनी भिंतीत जी पद्धत दिसते, तिला फ्लेमिश बाँड म्हणतात. तिच्या प्रत्येक थरात एका विटेची लांब बाजू दिसते, शेजारच्या विटेचे आखूड तोंड दिसते, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. वरच्या थरातले प्रत्येक तोंड खालच्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर येते. तोंड दाखवणारी वीट भिंतीत आरपार गेलेली असते, म्हणून ती दोन पदरांना टाक्यासारखी शिवते. या बांधणीला वेळ आणि कौशल्य जास्त लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी रस्त्याकडची भिंत अशी आणि मागची भिंत साध्या पद्धतीची असते.

आता घराकडे वळू. ते कोपऱ्यावर होते, म्हणजे त्याच्या दोन बाजू रस्त्यावर होत्या. वारा आणि उजेड दोन्हीकडून येत असे. शहराची दाट वस्ती नदीकडे होती. सातवा रस्ता तेव्हा वस्तीच्या काठावर होता आणि पलीकडे मोकळी जागा होती. पण वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा जिथे भरत असे, ते सभागृह इथून चार-पाच मिनिटांच्या वाटेवर होते.

ब्याऐंशी वर्षांच्या साक्षीदाराची साक्ष

जाहीरनामा याच घरात लिहिला गेला, हे आपल्याला कसे कळले? एकोणिसाव्या शतकात याविषयी बराच वाद होता. कोणी कोपऱ्यावरचे घर दाखवी, तर कोणी शेजारचे.

१८२५ साली डॉ. जेम्स मीज या फिलाडेल्फियातील वैद्यांनी थेट जेफर्सनलाच पत्राने विचारले. जेफर्सन तेव्हा ८२ वर्षांचा होता. घटनेला ४९ वर्षे लोटली होती. त्याने पाठवलेले उत्तर आज उपलब्ध आहे. त्यात तो सांगतो, की घर विटांचे, नवे आणि तीन मजली होते. दुसऱ्या मजल्यावरचा दिवाणखाना आणि निजण्याची खोली त्याने सामानासह भाड्याने घेतली होती. मालकाचे नाव ग्राफ. तो एका जर्मन माणसाचा मुलगा, तरुण, नुकतेच लग्न झालेला आणि बहुधा गवंडी होता. घर मार्केट स्ट्रीटच्या दक्षिण बाजूला, बहुधा सातव्या आणि आठव्या रस्त्यांच्या मध्ये होते. आसपास घरे फार थोडी होती. ते कोपऱ्यावर असावे, असेही अंधुक आठवते.

इथे एक छोटा सापळा आहे. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. म्हणून जेफर्सनचा ‘दुसरा मजला’ म्हणजे आपला पहिला मजला आणि ‘तीन मजली’ घर म्हणजे तळमजला अधिक दोन. जुनी कागदपत्रे वाचताना मोजमापाचा अर्थ आधी ठरवावा लागतो. तसे केले नाही, तर आपण जेफर्सनला भलत्याच खोलीत नेऊन बसवू!

या पत्राचा एक गुण तुमच्या लक्षात आला का? पक्के आठवते ते जेफर्सन ठामपणे सांगतो. जिथे खात्री नाही तिथे ‘बहुधा’ आणि ‘असे वाटते’ म्हणतो. प्रयोगाच्या वहीत आपणही असेच लिहायला हवे.

तरीसुद्धा ४९ वर्षांपूर्वीच्या आठवणीवर एकट्याने विसंबता येत नाही. म्हणून संशोधकांनी तिची पडताळणी केली. कोपऱ्यावरचा भूखंड गवंडी जेकब ग्राफ याने १७७५ साली विकत घेतला आणि त्यावरचे घर १७७७ साली जेकब हिल्ट्झहायमर याला विकले, हे कागदपत्रांतून दिसते. म्हणजे १७७६ मध्ये ते खरोखरच नवे होते आणि ग्राफच्याच मालकीचे होते. दुसरा पुरावा जेफर्सनच्या रोजच्या हिशेबाच्या वहीचा. २३ मे १७७६ पासून तो ग्राफकडे राहू लागला आणि आठवड्याला ३५ शिलिंग भाडे देत होता. ही नोंद त्या वेळीच केलेली आहे. पत्र, खरेदीखत आणि हिशेबाची वही या तीन वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेल्या गोष्टी एकाच घराकडे बोट दाखवतात. अशा वेळी अनुमान बळकट होते.

तापमापकाची साक्ष

त्याच हिशेबाच्या वहीत ४ जुलै १७७६ या तारखेला एक मजेदार खर्च आहे. त्या दिवशी वसाहतींच्या सभेने जाहीरनामा मंजूर केला. आणि त्याच दिवशी जेफर्सनने एका तापमापकासाठी ३ पौंड १५ शिलिंग दिले. एका पौंडाचे २० शिलिंग होतात, म्हणजे ही रक्कम ७५ शिलिंग झाली. दोन आठवड्यांच्या भाड्याहूनही जास्त! चार दिवसांनी त्याने वायुभारमापकही विकत घेतला.

तापमानाची त्याची नोंदवही १ जुलैपासून सुरू होते. ४ जुलैच्या नोंदी अशा आहेत: सकाळी ६ वाजता ६८ अंश, ९ वाजता ७२¼, दुपारी १ वाजता ७६ आणि रात्री ९ वाजता ७३½. हे अंश फॅरनहाइटचे. ३२ वजा करून ५/९ ने गुणले, की सेल्सियसमध्ये अनुक्रमे सुमारे २०, २२.४, २४.४ आणि २३.१ अंश मिळतात.

आता गंमत पाहा. त्या ऐतिहासिक दिवशी फिलाडेल्फियात असह्य उकाडा होता, घामाघूम झालेल्या प्रतिनिधींनी घाईघाईने जाहीरनामा मंजूर केला, अशा गोष्टी पुढे रंगवून सांगितल्या गेल्या. पण तापमापक सांगतो, की भर दुपारी १ वाजतासुद्धा पारा २४-२५ अंशांच्या पुढे नव्हता. आपल्याकडे पुण्यात असा दिवस उजाडला तर आपण त्याला आल्हाददायक म्हणू. रंगवलेली गोष्ट कितीही ऐकावीशी वाटली, तरी त्याच दिवशी मोजून लिहिलेले चार आकडे तिला भारी पडतात.

जेफर्सनने ही सवय आयुष्याच्या अखेरपर्यंत ठेवली. त्याचा मृत्यू ४ जुलै १८२६ या दिवशी, जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी झाला.

पुसलेला शब्द

सभेने ११ जून १७७६ रोजी पाच जणांची समिती नेमली होती. तिच्यात जेफर्सनबरोबर जॉन ॲडम्स आणि बेंजामिन फ्रँकलिनही होते. लिहिण्याचे काम जेफर्सनकडे आले. त्याच्याकडे घडीचे झाकण असलेली एक छोटी मॅहोगनी लाकडाची पेटी होती. ती मांडीवर किंवा टेबलावर ठेवून लिहिता येई. फिलाडेल्फियाच्याच बेंजामिन रँडॉल्फ या सुताराने ती बनवली होती. ती मूळ पेटी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २८ जूनला मसुदा सभेपुढे ठेवला गेला, २ जुलैला स्वातंत्र्याचा ठराव झाला आणि खाडाखोड होऊन ४ जुलैला जाहीरनामा मंजूर झाला.

जेफर्सनचा कच्चा मसुदा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेला आहे. त्यावर अनेक खोडलेले शब्द आहेत. एके ठिकाणी मात्र शब्द नुसता खोडलेला नव्हता. शाई ओली असतानाच तो बोटाने पुसून त्याच जागी दुसरा शब्द लिहिल्यासारखे दिसत होते. वरचा शब्द होता ‘सिटिझन्स’, म्हणजे नागरिक. खालचा कोणता?

२०१० साली तेथील शास्त्रज्ञांनी याचा छडा लावला. त्यांनी कागदाची छायाचित्रे निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात घेतली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार किरणांपासून अवरक्त किरणांपर्यंत अनेक पट्ट्यांत ती टिपली. शाईचा अंश, कागद आणि डाग प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यामुळे साध्या उजेडात एकजीव दिसणाऱ्या गोष्टी या छायाचित्रांत सुट्या होतात. त्या वेगळ्या करत गेल्यावर खालचा पुसलेला शब्द उमटला. तो होता ‘सब्जेक्ट्स’, म्हणजे प्रजा.

लिहिणाऱ्याने आधी सवयीने आपल्या लोकांना राजाची प्रजा म्हटले. लगेच थांबून ते पुसले आणि नागरिक म्हटले. ज्या वाक्यात हा बदल झाला, ते वाक्य अखेरच्या जाहीरनाम्यात राहिले नाही. पण एक देश आपल्याविषयी वेगळा विचार करू लागल्याची ती खूण कागदावर राहिली आणि २३४ वर्षांनी भौतिकशास्त्राने ती वाचली.

घरातला चौदा वर्षांचा मुलगा

या घरात आणखी एक जण होता. त्याचे नाव रॉबर्ट हेमिंग्ज. वय १४ वर्षे, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढाच. जेफर्सनबरोबर तो व्हर्जिनियाहून आला होता आणि त्याची सेवा-चाकरी करत होता. पण तो पगारी नोकर नव्हता. तो जेफर्सनचा गुलाम होता. कायद्याने तो प्रजाही नव्हता आणि नागरिकही नव्हता. तो मालमत्ता होता. विशेष म्हणजे जेफर्सनच्या पत्नीचा तो सावत्र भाऊ लागत असे. दोघांचे वडील एकच होते.

सर्व माणसे जन्मतः समान आहेत हा विचार ज्या दिवाणखान्यात कागदावर उतरत होता, तिथे हा मुलगा वावरत होता. जेफर्सनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा एक परिच्छेद होता. सभेने तो काढून टाकला. आणि खुद्द जेफर्सनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

रॉबर्ट हेमिंग्जला २४ डिसेंबर १७९४ रोजी स्वातंत्र्य मिळाले. तेही फुकट मिळाले नाही. त्याच्या सुटकेची किंमत दुसऱ्या एका गृहस्थाने भरली आणि रॉबर्टने ती पुढे फेडली. जाहीरनाम्यानंतर साडेअठरा वर्षांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो मोकळा झाला. जेफर्सनने कायद्याने मुक्त केलेला तो पहिला माणूस.

१८२५ च्या त्या पत्रात जेफर्सनला घरमालकाचे लग्न आठवते, खोल्यांतले सामान आठवते. रॉबर्टचा उल्लेख मात्र त्यात नाही. म्हणूनच घराची तपासणी करताना साक्षीदाराने काय सांगितले एवढेच पाहून भागत नाही. त्याने कोणाला वगळले, हेही पाहावे लागते. ते दुसऱ्या कागदांतून, दुसऱ्या वहीतून शोधावे लागते. पुसलेला शब्द वाचायला जसा निराळा प्रकाश लागला, तसेच हे आहे.

पाडले आणि पुन्हा बांधले

पुढे घराचे मालक बदलत गेले. एकोणिसाव्या शतकात ग्रात्झ बंधू या व्यापाऱ्यांकडे ते आले. त्यांनी ते शेजारच्या घराला जोडले आणि वर एक मजला चढवला. खाली दुकाने आली, भिंतींवर पाट्या लागल्या. मूळ घर कुठे संपते आणि भर कुठे सुरू होते, हे ओळखणे अवघड झाले. मघाशी पाहिलेला वाद त्यामुळेच अधिक गुंतागुंतीचा झाला.

१८८३ साली ते पाडले गेले. टॉमस डोनाल्डसन नावाच्या एका गृहस्थाने पाडलेले सामान विकत घेतले आणि पुढे या घराविषयी पुस्तक लिहिले. त्या जागी एका बँकेची भक्कम इमारत उभी राहिली. कालांतराने तीही गेली आणि कोपऱ्यावर खाद्यपदार्थांचे छोटे दुकान आले. जाहीरनाम्याला २०० वर्षे पूर्ण होत आली, तेव्हा १९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने ते घर त्याच जागी पुन्हा बांधले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घेतलेली जुनी छायाचित्रे हाताशी होती. त्यांवरून खिडक्या, मजल्यांची उंची आणि विटांची वीण ठरवली गेली.

आता तुम्हीच सांगा, हे घर खरे की खोटे? त्यातली एकही वीट जेकब ग्राफने रचलेली नाही, म्हणून काही जण त्याला नक्कल म्हणतील. पण त्याकडे दुसऱ्या रीतीनेही पाहता येते. हे विटांत मांडलेले अनुमान आहे. जागा खात्रीची आहे. बाहेरचे रूप छायाचित्रांवरून बऱ्याच खात्रीचे आहे. आतील सामान त्या काळच्या पद्धतीवरून ठरवलेले, म्हणजे केवळ संभाव्य आहे. खात्रीचे किती आणि संभाव्य किती, हे पाहणाऱ्याला सांगितले, तर अशी प्रतिकृती काही शिकवू शकते. ते लपवले, तर ती फसवणूक ठरते.

आणि नवा पुरावा आला, की अनुमानात भर पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात सोन्या क्लार्क या कलावतीने याच घराच्या खिडक्यांत एक प्रदर्शन मांडले. जेफर्सनच्या मॉन्टिसेलो या मळ्यावर जी माणसे गुलामगिरीत राबली, त्यांच्या आजच्या वंशजांचे डोळे तिने चित्रफितींतून खिडक्यांत दाखवले. रस्त्यावरून जाणाऱ्याने वर पाहिले, की उघडझाप करणारे ते डोळे त्याच्याकडे पाहत. १९७५ साली विटा परत आल्या होत्या. आता रॉबर्ट हेमिंग्जची आठवणही त्या खिडक्यांत आली.

तुम्हीही करून पहा

१. गावातली किंवा पेठेतली एखादी जुनी विटांची भिंत निवडा. चार थरांचे चित्र वहीत काढा. विटांच्या लांब बाजू आणि आखूड तोंडे कोणत्या क्रमाने येतात? उभे सांधे एका रेषेत येतात का? भिंतीच्या एखाद्या भागात क्रम अचानक बदलत असेल, तर तिथे पूर्वी दार किंवा खिडकी होती का, याचा तर्क करा.

२. एक कोरडी वीट तोला. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून पुसा आणि पुन्हा तोला. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. चांगली भाजलेली वीट आपल्या वजनाच्या विसांश-पंचमांशाच्या दरम्यान पाणी पिते. पंचमांशाहून अधिक पिणारी वीट कच्ची समजावी.

३. आठवडाभर दिवसातून चार ठरावीक वेळी सावलीतले तापमान लिहून ठेवा. महिन्याभराने मित्रांना विचारा, ‘त्या आठवड्यात कसे ऊन होते?’ त्यांच्या आठवणी आणि तुमचे आकडे शेजारी शेजारी मांडा.

४. तुमच्या गावातल्या सर्वांत जुन्या घराविषयी तीन वयस्कर माणसांना वेगवेगळे विचारा. मग घरमालकांची परवानगी घेऊन मिळकत पत्रिका, जुनी घरपट्टीची पावती, एखादे लग्नातले छायाचित्र पाहा. कोणत्या गोष्टी जुळतात, कोणत्या जुळत नाहीत, याचा तक्ता करा. आणि शेवटी आणखी एक रकाना आखा. त्या घरात पाणी कोण भरत होते, धुणी-भांडी कोण करत होते, भिंत कोणत्या गवंड्याने रचली, त्यांची नावे कोणाला आठवतात का, ते त्या रकान्यात लिहा.